ग्वांगाल्लीचा पूल आणि बाबांचं पुसान

शनिवारी संध्याकाळी साडेसहाला आम्ही दक्षिण कोरियातल्या बुसान शहरात, ग्वांगाल्लीच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा वाळूवर टेकायला जागा नव्हती. पोरंपोरी, आजीआजोबा, कुत्र्यांना बाबागाडीत घालून आणलेली जोडपी (हो, कुत्र्यांची बाबागाडी, कोरियात हे सर्रास दिसतं), सगळे समुद्राकडे तोंड करून बसलेले. सात वाजता शेकडो ड्रोन उडून आकाशात चित्रं काढणार होते. सातला थोडा वेळ असताना लाउडस्पीकरवरून कोरियनमध्ये काहीतरी सांगितलं गेलं. शेजारच्या मुलींचे चेहरे उतरले, त्यांनी चटई गुंडाळायला घेतली. एकीनं फोनवर भाषांतर करून आम्हाला दाखवलं : वारा जास्त आहे, कार्यक्रम रद्द.

याच कार्यक्रमासाठी मी शनिवारची खोली जवळजवळ दुप्पट भाड्यानं घेतली होती. मी चरफडत होते. बाबा मात्र रिकाम्या झालेल्या बाकावर ऐसपैस बसले आणि म्हणाले, "बरं झालं. आता पूल नीट बघता येईल."

तर या लेखात मी सारखी पुलाबद्दलच बोलणार आहे. ग्वांगाल्लीला त्याशिवाय फारसं काही नाही, आणि लागतही नाही.

किनारा साधारण १.४ किलोमीटरचा, चंद्रकोरीसारखा वाकलेला. समोर समुद्रात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ग्वांगान पूल आडवा पसरलेला. डाव्या हाताला मिल्लाकचा मासळीबाजार आणि त्यापलीकडे शेजारच्या हेउन्दे भागातल्या मरीन सिटीचे काचेचे मनोरे. उजव्या हाताला नामचॉनच्या जुन्या, बुटक्या वाटणाऱ्या इमारती आणि त्यांच्यामागे समुद्रात घुसलेला इगिदेचा कडा. पुलाची एकूण लांबी ७.४२ किलोमीटर. काम १९९४ मध्ये सुरू झालं आणि २००३ मध्ये तो वाहतुकीला खुला झाला. रस्ते दोन, एकावर एक. वरच्या मजल्यावरून एका दिशेची वाहनं जातात, खालच्यावरून दुसऱ्या.

"आपल्या सी-लिंकसारखाच आहे," असं मी बोलून गेले. आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेल्या माणसापुढे असं बोलू नये. "सी-लिंक केबल-स्टेड आहे," बाबा म्हणाले. "तिथे मनोऱ्यातून निघालेले दोर सरळ रस्त्याला जाऊन भिडतात. इथे बघ, जाडजूड दोर या मनोऱ्यावरून त्या मनोऱ्यावर झोळ खात गेलाय. त्याला उभे दोर बांधलेत आणि त्या उभ्या दोरांना रस्ता टांगलाय. दोरीवर कपडे वाळत घालावेत तसा." दोन मनोऱ्यांमधलं अंतर ५०० मीटर आहे. त्या झोळाची कमान रात्री दिव्यांनी उजळते आणि खालच्या पाण्यात तिचं प्रतिबिंब थरथरत राहतं. दादर चौपाटीवरून सी-लिंक तिरका, लांबून दिसतो. इथे तो नाटकाच्या पडद्यासारखा समोरच लावून ठेवलाय.

आता बाबांबद्दल थोडं, कारण ही सहल त्यांच्यासाठीच होती. वय ७३, मर्चंट नेव्हीतून निवृत्त. त्यांच्या तोंडी या शहराचं नाव 'पुसान'च आहे. रोमन लिपीत कोरियन नावं लिहायची पद्धत २००० साली बदलली, तेव्हा पुसानचं बुसान झालं. जुन्या खलाशांनी ते मनावर घेतलेलं नाही. १९८१ मध्ये ते थर्ड इंजिनीअर होते आणि त्यांचं जहाज इथे तीन दिवस धक्क्याला लागलं होतं. तेव्हा देशभर मध्यरात्री बारा ते पहाटे चार संचारबंदी असायची. ती उठली १९८२ च्या जानेवारीत. म्हणजे बाराच्या आत जहाजावर हजर. मेट्रो नव्हती, पहिली लाइन १९८५ ची. त्यांनी पाहिलं ते एवढंच : धक्का, जागाल्चीचा मासळीबाजार, आणि रेल्वे स्टेशनसमोरची ती गल्ली, जिला जगभरचे खलाशी टेक्सास स्ट्रीट म्हणतात. त्या गल्लीबद्दल त्यांनी कधी जास्त सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. समुद्रकिनारा पाहिला नाही का, तर म्हणे, "जहाजावर असताना समुद्र बघायला कोण जातं?"

दिवाळी आटोपली, उरलेला चिवडा आणि चकल्या डब्यात भरल्या आणि ऑक्टोबरच्या शेवटी निघालो.

व्हिसा भारतातूनच काढून जावं लागतं, त्यासाठी हाताशी वेळ ठेवा. आम्ही मुंबईहून मधे विमान बदलून सोलला उतरलो, दोन रात्री तिथे काढल्या आणि केटीएक्सनं, म्हणजे तिथल्या वेगवान रेल्वेनं, बुसानला आलो. सोल ते बुसान अडीच-पावणेतीन तास, साध्या वर्गाचं तिकीट ५९,८०० वॉन. हिशोबासाठी हजार वॉन म्हणजे साठ रुपये धरा, फार चुकत नाही. शुक्रवार-रविवारच्या गाड्या भरून जातात, त्यामुळे तिकीट आधी काढा. चुसॉकच्या सुट्टीत, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या त्यांच्या मोठ्या सणाला, या भागाकडे फिरकूच नका. अख्खा देश गावी निघालेला असतो, आपल्याकडे गणपतीत कोकण रेल्वेचं होतं तसं.

बुसान स्टेशनहून ग्वांगाल्लीला यायला मेट्रोची लाइन १ पकडून सॉम्यॉनला उतरायचं, तिथे लाइन २ ची जांगसानकडे जाणारी गाडी घ्यायची. विमानानं थेट बुसानच्या गिम्हे विमानतळावर उतरलात तर लाइट रेलनं सासांगला या आणि तिथून लाइन २, मधे बदल नाही. उतरायचं स्टेशन ग्वांगान, दरवाजा क्रमांक ३ किंवा ५, तिथून समुद्र दहा मिनिटांवर. आधीचं गुम्न्यॉनसान स्टेशनही चालतं. किनाऱ्याच्या उजव्या बाजूला खोली असेल तर तेच सोयीचं. एक गंमत : लिहितात ग्वांग-आन-री, पण बोलताना न आणि र मिळून 'ल्ल' होतो. टॅक्सीवाल्याला 'ग्वांगाल्ली' म्हटलं की लगेच कळतं.

मेट्रो-बसच्या भाड्यासाठीचं टी-मनी कार्ड विमानतळावर किंवा कुठल्याही सीयू, जीएस२५ दुकानात मिळतं. त्यात पैसे मात्र रोखीनं भरावे लागतात, म्हणून दहा-दहा हजारांच्या चार नोटा खिशात असू द्या. मेट्रोचं जवळचं भाडं १,६०० वॉन. टॅक्सीचं मीटर ४,८०० पासून सुरू होतं, म्हणजे तिघे-चौघे असाल तर टॅक्सी महाग नाही. आणि नकाशासाठी नेव्हर मॅप फोनमध्ये घालून घ्या. देशाचे तपशीलवार नकाशे बाहेर द्यायला कोरियात निर्बंध आहेत, त्यामुळे गुगलचा नकाशा आम्हाला बस-मेट्रो दाखवत होता, पण पायी कसं जायचं म्हटलं की हात वर करत होता.

मेट्रोच्या डब्याच्या दोन्ही टोकांना ज्येष्ठांसाठी जागा असतात. डबा कितीही भरलेला असो, तरुण माणूस तिथे बसत नाही. बाबा चढले की तिथे आधीच बसलेले आजोबा सरकून जागा करायचे, काहीतरी विचारायचे, बाबा मान डोलवायचे. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं आणि संभाषण मजेत चाललेलं असायचं. बहुतेक स्टेशनांवर लिफ्ट आहे, पण ती हव्या त्या दरवाजाला असेलच असं नाही. गुडघे कुरकुरत असतील तर जिन्याकडे न धावता आधी लिफ्टचा बाण शोधा.

खोलीचं सांगते, कारण तिथे मी फसले. 'समुद्राचा देखावा' असं ठळक लिहिलेली खोली घेतली. समुद्र होता. खिडकी उघडून, कठडा धरून, मान डावीकडे वळवली की दोन इमारतींच्या फटीत हातभर. पूल तर नाहीच. जाहिरात खोटी होती असं म्हणता येणार नाही, एवढंच. तुम्ही आरक्षण करताना समुद्र दिसतो का हे विचारू नका. पूल समोरून दिसतो का हे विचारा आणि त्याच खोलीतून काढलेला फोटो मागा. आणि नाहीच दिसला तर फार मनाला लावून घेऊ नका. किनाऱ्याच्या रस्त्यावर कॉफीची दुकानं एकाला एक लागून आहेत, तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या काचेजवळची जागा सहा-सात हजारांच्या एका कॉफीत दोन तास मिळते. कोणी उठवत नाही.

ड्रोनच्या कार्यक्रमाचं वेळापत्रक असं : दर शनिवारी, ऑक्टोबर ते फेब्रुवारी सात आणि नऊ वाजता, मार्च ते सप्टेंबर आठ आणि दहा वाजता. एक खेळ दहाएक मिनिटांचा, तिकीट नाही. २०२२ पासून हे सुरू आहे. पाऊस किंवा वारा असेल तर रद्द, आणि ते ऐनवेळी ठरतं. आमच्या दिवशी नऊचाही झाला नाही. तेव्हा माझा सल्ला असा की केवळ ड्रोनसाठी शनिवारचं दुप्पट भाडं भरू नका. राहा रविवार ते गुरुवार. शरद ऋतूत इथे आतषबाजीचा मोठा उत्सवही होतो, २००५ पासूनची परंपरा आहे. पण त्या दिवशी लाखो लोक येतात, रस्ते बंद होतात आणि मेट्रोत शिरायलाच तास-तास लागतो. म्हाताऱ्या माणसाला घेऊन मी तरी जाणार नाही.

त्या शनिवारी रात्री दहापर्यंत आम्ही बाकावर बसलो होतो. वारा बोचरा होता. ऑक्टोबरअखेर दिवसा शर्टावर भागतं, रात्री मात्र जाकीट लागतंच. पुलाचे रंग हळूहळू बदलत होते, निळा, जांभळा, मग नुसता पांढरा. बाबांना पांढराच आवडला. वाळूत बापाच्या मागे धावणारं एक पोरगं "अप्पा! अप्पा!" म्हणून ओरडलं आणि बाबांनी दचकून मागे पाहिलं. आमच्या आजोबांना घरात सगळे आप्पाच म्हणायचे. कोरियनमध्येही बापाला अप्पाच म्हणतात, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

मग त्यांनी मला त्या रशियन जहाजाची गोष्ट सांगितली. २०१९ च्या फेब्रुवारीत एक मालवाहू जहाज भलत्याच दिशेला वळलं आणि या पुलावर जाऊन आदळलं. कप्तान प्यायलेला निघाला. "एवढा मोठा पूल दिसला नाही त्याला," असं बाबा तीनदा म्हणाले. चाळीस वर्षं जहाजावर काढलेल्या माणसाला यात हसू येत नाही, लाज वाटते, हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं.

खाण्याचं. बाबा मासे खातात, मी काहीच मांसाहार करत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंचा अनुभव आहे. बुसाननं आपला अधिकृत मासा म्हणून निवडलाय गोदुंगऑ, म्हणजे बांगड्याचाच मोठा चुलतभाऊ. मीठ लावून, उभा चिरून, विस्तवावर भाजतात. सोबत भात, सूप आणि सात-आठ वाट्या लोणचीभाज्या. बारा हजार वॉनच्या आसपास. बाबांनी पहिला घास घेतला, काटा बाजूला काढला आणि निकाल दिला, "तेल जास्त आहे, चव आपल्याकडची नाही. पण बांगडा आहे." आणि पुढचे तीन दिवस दुपारी तेच मागवलं. मिल्लाकच्या मासळीबाजारात खालच्या मजल्यावर टाकीतला जिवंत मासा निवडायचा आणि वरच्या मजल्यावर बसून कच्चा खायचा, ही इथली खरी चैन. आम्ही नुसतं पाहून आलो. ज्यांना कच्चं चालत नाही त्यांनी मासळीचं तिखट सूप, मेउनतांग, मागवावं. कालवणाच्या जवळ जातं.

शाकाहारी मंडळींनो, तयारीनं जा. "गोगी प्पे जुसेयो" म्हणजे मांस काढून द्या. पण 'गोगी'त मासे, कोळंबी येत नाहीत आणि कधीकधी हॅमसुद्धा येत नाही. म्हणून "हेमुल प्पे जुसेयो" हेही म्हणा, आणि फोनवर पूर्ण वाक्य लिहून दाखवा. बिबिमबाप, म्हणजे भाज्या घातलेला भात, बहुतेक ठिकाणी अंडं आणि मांस वगळून देतात. किमची बिनधास्त खाऊ नका, तिच्यात सहसा मासळीचा अर्क किंवा खारवलेली कोळंबी असते. सुपाचं पाणीही बहुतेकदा सुक्या मासळीचं. भाजलेली रताळी, केळी, दही, पाव, आणि आपला चिवडा. माझे दोन दिवस यावर गेले. मला त्याचं दुःख नाही, कारण रताळी अप्रतिम होती. भारतीय हॉटेलं आहेत, बाबांनी मात्र तिकडे जायला साफ नकार दिला.

हेउन्देला एक दिवस पुरे. नावाजलेला किनारा तोच आहे, लांबरुंद आहे, हॉटेलंही तिथेच जास्त. पण समोर नुसता समुद्र आणि पाठीला उंचच उंच इमारती. ४११ मीटर उंचीच्या एलसीटी मनोऱ्याच्या वरच्या मजल्यांवर काचेची गच्ची आहे. आम्ही गेलो नाही. त्याऐवजी दोंगबेक बेटाला चक्कर मारली. नावाला बेट, आता जमिनीला जोडलेलं. झाडीतून सपाट, पक्की वाट, बाबांच्या गुडघ्यांना सहज झेपली. २००५ च्या एपेक, म्हणजे आशिया-पॅसिफिक देशांच्या, परिषदेसाठी बांधलेलं गोल छपराचं नुरिमारू तिथेच आहे, आणि त्याच्या बाजूनं ग्वांगान पूल दुसऱ्या अंगानं, तिरका दिसतो. खाली खडकावर जलपरीचा पुतळा आहे, राजकन्या ह्वांगोक. गिम्हेच्या राज्यात 'अयुता' देशातून समुद्रमार्गे आलेल्या राणीचं नावही ह्वांगोकच, आणि तेराव्या शतकातल्या इतिवृत्तात तिची कथा आहे. अयुता म्हणजे अयोध्या असं इथले पुष्कळ लोक मानतात. एका आजीबाईंनी आम्ही 'इंदो'हून आलोय कळल्यावर पुतळ्याकडे आणि मग माझ्याकडे बोट दाखवलं. नातं जोडायची घाई आपल्यालाच असते असं नाही.

हेउन्देच्या मिपोपासून जुन्या रेल्वेमार्गावर आता समुद्राकाठानं छोटी गाडी आणि चौघांचे रंगीत डबे चालतात. डब्यांचं आरक्षण आधीच करावं लागतं, आयत्या वेळी मिळत नाही. आम्हाला मिळालं नाही. गाडीचं मिळालं, बसायची बाकं समुद्राकडे तोंड करून आहेत, तेवढं बास झालं.

पूल खऱ्या अर्थानं बघायचा असेल तर मात्र इगिदेला जा. रविवारी सकाळी बाबांना कॉफीच्या दुकानात बसवून मी एकटी गेले. ही कड्याच्या पोटातून जाणारी ४.७ किलोमीटरची पायवाट. एका टोकाला ओर्युक्दो, दुसऱ्या टोकाला दोंगसेंगमाल. मार्गदर्शिकांमध्ये कुठूनही सुरू करा असं लिहितात. ते ऐकू नका. ओर्युक्दोकडून सुरू करा, म्हणजे पूल सारखा पाठीमागे न राहता समोर येत जातो. लाइन २ वरच्या क्यॉंगसॉंग-पुक्यॉंग विद्यापीठ स्टेशनहून २७ किंवा १३१ नंबरची बस थेट ओर्युक्दोला जाते. ओर्युक्दो म्हणजे 'पाच-सहा बेटं'. भरती-ओहोटीप्रमाणे कधी पाच मोजता येतात, कधी सहा. समुद्रावर डोकावणारा काचेचा सज्जा तिथे आहे, जमिनीपासून नव्हे, पाण्यापासून ३५ मीटर वर. तिकीट नाही, बुटांवर कापडी मोजे चढवायला देतात, काचेवर ओरखडे पडू नयेत म्हणून. पाऊस-वाऱ्यात बंद.

तिथून पुढची वाट पायऱ्यांची आहे. वर, खाली, परत वर. हा सगळा भाग १९९३ पर्यंत लष्कराच्या ताब्यात होता, त्यामुळे झाडी टिकली. पहिला तासभर पूल दिसतच नाही. डाव्या हाताला पाइनची झाडं, उजव्या हाताला समुद्र आणि नांगर टाकून उभी असलेली जहाजं. मग एका वळणावर पहिल्यांदा मरीन सिटीचे मनोरे येतात, आणि पुढच्या वळणावर पूल. किनाऱ्यावरून आडवा दिसणारा पूल इथून लांबट, खोल जाणारा दिसतो, खालचा मजलाही दिसतो, त्यावरून धावणाऱ्या गाड्याही. त्या खडकावर मी अर्धा तास बसले. एक काका आले, पिशवीतून संत्रं काढलं, निम्मं मला दिलं आणि काही न बोलता पुढे निघून गेले.

शेवटच्या टप्प्यात खडकांवरून नेणारे पाच छोटे झुलते पूल आहेत आणि दोंगसेंगमालच्या टोकाला पूल अगदी हाताशी येतो. मला थांबत थांबत पावणेतीन तास लागले. वाटेत दुकान नाही, पाणी बरोबर घ्या. बूट पक्के हवेत. ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत त्यांनी टॅक्सीनं सरळ दोंगसेंगमाललाच जावं आणि पहिल्या झुलत्या पुलापर्यंत चालून परत फिरावं. निम्मं सुख तेवढ्यातही मिळतं. मी बाबांना तसं नेलं नाही याची चुटपुट आहे.

याच भागात, देयॉन स्टेशनजवळ, कोरियन युद्धात मेलेल्या परदेशी सैनिकांची संयुक्त राष्ट्रांची दफनभूमी आहे. सुमारे २,३०० थडगी. आपली ६० वी पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स, लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली, १९५० च्या नोव्हेंबरात याच बंदरात उतरली होती. अर्धा दिवस असेल तर जाऊन या. आत बोलणं-हसणं कमी, डोक्यावर टोपी नको.

रविवारी रात्री ह्वांग्न्यॉंगसान. शहराच्या मधोमध ४२७ मीटरचा डोंगर, वर जुन्या काळचा इशाऱ्याची आग पेटवायचा चौथरा. तिथवर गाडीरस्ता आहे. इथे एक गोष्ट आधीच सांगते : वर जायला टॅक्सी मिळते, खाली यायला मिळत नाही. चालकाला थांबायला सांगा. आम्ही फोनवर लिहून दाखवलं, 'अर्धा तास थांबाल का, मीटर चालू ठेवा', आणि त्यांनी बाबांकडे बघून लगेच मान डोलवली. गाडीतळापासून चौथऱ्यापर्यंत थोड्या पायऱ्या आहेत. बाबा दोनदा थांबले.

वर गेल्यावर मी पुलाकडे धावले. पूर्वेला खाली ग्वांगाल्लीची चंद्रकोर, पूल आता मनगटावरच्या बांगडीएवढा, पलीकडे मरीन सिटी. फोटो काढून झाले तरी बाबा आले नाहीत म्हणून मागे वळून पाहिलं. ते दुसऱ्या कठड्याशी उभे होते, पुलाकडे पाठ करून. त्या बाजूला बंदर होतं. २०१४ मध्ये झालेला बंदरावरचा दुसरा मोठा पूल, त्याच्या आतबाहेर क्रेनच्या रांगा, पिवळ्या दिव्यांत कंटेनरचे ढीग.

"हा तुमचा धक्का का?" मी विचारलं.

"तो जासोंगदेला होता. त्यांचं पहिलं कंटेनर टर्मिनल, आम्ही आलो तेव्हा तीनच वर्षांचं." त्यांनी बोटानं अंधारात एक रेघ ओढली. "तिकडे कुठेतरी. तो डोंगराचा आकार तोच आहे. इंजिनरूममधून वर आलो की पहिला तोच दिसायचा. हाच असणार, आपण उभे आहोत तो."

मग बराच वेळ त्यांनी मला क्रेन मोजून दाखवल्या. कुठलं जहाज भरलेलं आहे आणि कुठलं रिकामं, हे पाण्यातून वर आलेल्या लाल पट्ट्यावरून कसं ओळखायचं ते सांगितलं. एवढ्या उंचीवरून, रात्री, त्यांना तो पट्टा खरंच दिसत होता की आठवत होता, मला माहीत नाही. एकवीस क्रेनपर्यंत पोचलो आणि गोंधळ झाला, म्हणून परत पहिल्यापासून मोजायला घेतल्या. खालून टॅक्सीचा हॉर्न वाजला. अर्ध्या तासाचे पन्नास मिनिटं झाली होती आणि मीटर सव्वीस हजारांवर गेलं होतं.

"थांब म्हणावं त्याला जरा," बाबा म्हणाले.